पंखा

बांबोळीच्या फाइलीवर ते अनंत भिकाजी कोयंडे, वय एकाहत्तर.
सर्जेकोटच्या जेटीवर अंता मेस्त्री.
चाळीस वर्षं लोकांच्या लाँचींची इंजिनं
नुसती ऐकून सांगायचे, कुठे दुखतंय.

स्वतःचं मात्र उशिरा सांगितलं,
तेही रात्री चौथ्यांदा उठल्यावर, दाराची कडी धरून:
"वॉशर गेलो, बाय. दुसरा काय नाय."

वॉशर नव्हता.
स्कॅनच्या पडद्यावर त्यांची हाडं पेटली होती,
मणक्यात तीन, खुब्यात एक, बरगड्या मी मोजल्या नाहीत.
अवसेच्या रात्री वल्हं मारावं
आणि पाणी उजळावं, तसं.
दुसऱ्या कुणाचं असतं तर मी सुंदर म्हटलं असतं.

त्यांनी डॉक्टरला विचारलं,
"इंजान उघडूचा, काय असाच चालवूचा?"
डॉक्टर पोरगेला होता, पण त्याला कळलं.
"उघडायचं नाही, काका. असंच चालवू."
ते मान हलवत राहिले.
गिऱ्हाइकाला हेच सांगताना
आपण कुठे बघायचो, ते आठवत असणार.

संमतीचा कागद मी वाचून दाखवला.
दर तीन महिन्यांनी सुई. थकवा येईल. हाडं ठिसूळ होतील.
एक ओळ मी गिळली.
"मधली वाच."
बोट बरोबर त्या ओळीवर.
मी खिडकीबाहेरच्या स्कूटरींकडे बघत वाचली.
त्यांनी सही केली, टोपण लावलं,
आणि पत्रादेवी येईपर्यंत एक शब्द नाही.
बांद्याला म्हणाले, "भजी खाऊया."

शेडच्या भिंतीवर, जिथे उधारी लिहायचे,
तिथे आता खडूने तो रक्ताचा आकडा:
चारशे बारा.
खाली एकशे सहा.
खाली एकोणीस.
जाळी शिवता शिवता पास्कू विचारतो,
"मेस्त्री, कोणाचे एवढे पैसे फिटले?"
ते नाव सांगत नाहीत.

लघवीची पिशवी मी रिकामी करते.
पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं
आणि मी उगाच रेडिओ मोठा केला होता.
चौथ्या दिवशी नळी अडली तेव्हा वळले:
"एअर धरली असतली. टिचकी मार. आता खाली धर.
अगो, घाबरतंस कित्याक?"
दहा वर्षांची असताना मला ते
डिझेलच्या नळीतली हवा काढायला शिकवणार होते.
पोरीचे हात काळे होतील, म्हणाली होती आई.

पण रात्री.
सुईनंतर सगळ्या अंगातून वाफ निघते त्यांच्या,
माघ महिन्यात, दारं उघडी, खाडीवरून गार वारा,
आणि ते घामाने निथळत बसलेले.
मी गंजी बदलते. पाठ पुसते.
पाठ एवढी अरुंद कधी झाली?
पंखा पाचवर.

"तुझ्या आवशीक असाच होई," काल म्हणाले.
"पन्नाशीत. अशीच उठान बसायची ती.
माका थंडी वाजता म्हणान
मी पंखो बंद करंय."

मी काही बोलले नाही.
आयुष्यभर पाण्याखालचे पंखे सरळ केले त्यांनी,
वाकलेलं पातं बोटानेच कळायचं.
हा डोक्यावरचा, बटणाने चालणारा,
त्याच्याकडे लक्ष गेलं नसेल.

"एकदा म्हणाली, अंग जळता.
मी म्हटलंय, झोप गो."

आई जाऊन सहा वर्षं झाली.
तिच्या बाजूच्या उशीवर आता
त्यांच्या गोळ्यांचा डबा, टॉवेल, टॉर्च.
ते बराच वेळ वर बघत होते,
पाती दिसत नाहीत तिथे.

मग एकदम: "तुका थंडी वाजता काय?"

"नाय," मी म्हटलं,
आणि पाय चादरीखाली घेतले,
हळूच,
त्यांना ऐकू जाणार नाही असे.